ऑटोइम्यून एन्सेफलायटिस आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या भाचीला हा आजार झाला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. सातारा जिल्ह्यातल्या गावातून पुण्यातल्या आयसीयूपर्यंत पोहोचायला आम्हाला तीन आठवडे लागले, आणि त्यातले पहिले दहा दिवस ‘परीक्षेचं टेन्शन आहे’ यातच गेले. आता ती बरी आहे. तेव्हापासून कुणाच्या ना कुणाच्या ओळखीने फोन येत राहतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, शाळेत जीवशास्त्र शिकवते. औषध कुठलं आणि किती, हे तुमचे न्यूरोलॉजिस्टच ठरवतील. या आजाराचे बरेच प्रकार आहेत. इथलं बहुतेक लिखाण एनएमडीए रिसेप्टरच्या प्रकाराबद्दल आहे, कारण तो आम्ही जवळून पाहिला.

हा म्हणजे मेंदूज्वरच ना?

सूज मेंदूलाच येते, पण बाहेरच्या जंतूमुळे नाही. जंतूंशी लढायला शरीर प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करतं. या आजारात ती आपल्याच मेंदूतल्या पेशींवर जाऊन चिकटतात. त्या पेशींच्या पृष्ठभागावर एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे दुसऱ्या पेशींचे निरोप घेणारे रेणू, असतात. आठवण, बोलणं, झोप, हालचाल, श्वास अशा अनेक गोष्टी त्यांच्यावर चालतात. प्रतिपिंड चिकटलं की पेशी तो रिसेप्टर आत ओढून घेते आणि पृष्ठभाग रिकामा होत जातो. केटामाइन हे भुलीचं औषध याच रिसेप्टरला अडवतं. त्याची भूल उतरताना माणूस कसा भलतंसलतं बोलतो हे ज्याने पाहिलंय, त्याला या आजाराची सुरुवात वेड लागल्यासारखी का दिसते ते लगेच कळेल.

यातली दिलाशाची बाब अशी की पेशी सहसा मरत नाही. प्रतिपिंडं हटली की रिसेप्टर पुन्हा वर येतात. म्हणून तर व्हेंटिलेटरवर महिनाभर राहिलेली माणसं पुन्हा कॉलेजला जाताना दिसतात.

आजार तसा जुनाच असणार, पण त्याला नाव मिळालं २००७ मध्ये, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जोसेप दाल्माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा स्त्रियांचा अभ्यास मांडला तेव्हा. दर दहा लाख लोकांमागे वर्षाला एखाद-दोन जणांना होतो, त्यामुळे तालुक्याच्या डॉक्टरांनी आयुष्यात एकही रुग्ण पाहिलेला नसणं शक्य आहे. त्यांच्यावर राग धरून उपयोग नाही. जाता जाता : बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातलं क्नूट नावाचं पांढरं अस्वल २०११ मध्ये फिट येऊन पाण्यात पडलं आणि मेलं. चार वर्षांनी कळलं की त्यालाही हाच आजार होता. वर्गात हे सांगितलं की मुलं कान टवकारतात.

एमआरआय नॉर्मल आलाय. मग मेंदूचा आजार कसा?

निम्म्याहून अधिक रुग्णांचा एमआरआय सुरुवातीला नॉर्मलच येतो. ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, गडबड जास्त वेळा दिसते. निदान पक्कं होतं ते पाठीतलं पाणी काढून त्यात प्रतिपिंडं सापडली की. पाठीतल्या पाण्याला लोक फार घाबरतात, ‘त्याने माणूस कायमचा लुळा पडतो’ असं आम्हालाही वॉर्डातल्या एकाने सांगितलं होतं. तसं काही होत नाही. दोन दिवस डोकं दुखू शकतं. फक्त रक्त तपासून भागवू नका. एका मोठ्या अभ्यासात साधारण १५ टक्के रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडलीच नाहीत, पण पाठीतल्या पाण्यात होती.

घरातले म्हणतात, बाहेरचं आहे. अंगात आलंय.

आमच्याकडेही म्हणाले. पोर रात्र-रात्र झोपेना, सख्ख्या आईला ‘तू कोण’ म्हणायची, मग बोलणंच थांबलं. तोंड सतत काहीतरी चघळल्यासारखं हलत होतं आणि दोन्ही हात भाकरी थापल्यासारखे. डोळे उघडे, पण बघत कुणाकडे नव्हती. हे पाहून देवऋषी आठवला तर मी कुणाला हसणार नाही. पण झोप जाणं, वागणं अचानक बदलणं, बोलणं अडखळून बंद होणं, तोंडाच्या-हातांच्या विचित्र हालचाली, फिट, आणि मग नाडी-रक्तदाब वरखाली होणं हा या आजाराचा ठरलेला मार्ग आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, तेही घरच्यांना सांगा. अंगारा उशाखाली ठेवायचा तर ठेवू दे, फक्त गाडी आधी काढा.

मनोविकारतज्ज्ञांकडे आधी गेलात तर चुकलं असं मुळीच नाही. बहुतेक रुग्ण तिथूनच येतात. मात्र मानसिक आजाराच्या काही औषधांनी या रुग्णांचं अंग ताठ होतं, ताप चढतो. तसं झालं तर तेच मोठी खूण समजून न्यूरोलॉजिस्टना दाखवा. आणि हालचालींचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. ताईने, म्हणजे भाचीच्या आईने, काढलेल्या चाळीस सेकंदांच्या व्हिडिओने जे काम केलं ते आमच्या तासभराच्या सांगण्याने झालं नव्हतं.

रिपोर्ट यायला आठवडा लागणार. तोवर उपचार थांबवायचे का?

नाही. लक्षणं, ईईजी आणि पाठीतल्या पाण्याचा साधा रिपोर्ट जुळत असेल तर प्रतिपिंडांच्या रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करता येतात. २०१६ साली ठरलेले निदानाचे निकष त्यासाठीच आहेत. पहिल्या चार आठवड्यांत उपचार सुरू न होणं हे पुढच्या वर्षाच्या तब्येतीसाठी वाईट लक्षण मानलं जातं. फक्त नमुने आधी गेलेत ना, हे विचारून घ्या. प्रतिपिंडांच्या बाटल्या (आयव्हीआयजी) चढल्यावर किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, बदलल्यावर (दोन्हींबद्दल पुढे लिहिलंय) घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट फसवू शकतो.

सोबत असायक्लोव्हिर हे नागिणीच्या कुळातल्या विषाणूवरचं औषधही चालू दिसेल. हर्पिसचा मेंदूज्वर नाही याची खात्री होईपर्यंत ते देतात. उलटंही होतं : हर्पिसचा मेंदूज्वर बरा होतो आणि काही आठवड्यांनी हाच ऑटोइम्यून आजार डोकं वर काढतो.

मेंदूचा आजार, मग पोटाची सोनोग्राफी कशाला?

तरुण मुलींमध्ये बीजांडकोशात टेराटोमा नावाची गाठ असू शकते. या गाठीत केस, दात, चरबी आणि चक्क मेंदूच्या पेशीही सापडतात. त्या पेशींविरुद्ध शरीर प्रतिपिंडं बनवतं आणि तीच मग डोक्यातल्या पेशींवर जातात. गाठ असेल तर ती काढणं हाच पहिला उपचार. ती आत ठेवून कितीही औषधं दिली तरी कारखाना चालूच राहतो. पुरुषांत आणि लहान मुलांत ती क्वचितच सापडते. ‘लग्नाच्या मुलीच्या पोटाचं ऑपरेशन’ म्हणून दोन-दोन दिवस विचार करत बसणारी घरं मला माहीत आहेत.

आजारी माणसाची प्रतिकारशक्ती वाढवायची असते. इथे दाबतायत कशी?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. करोनानंतर ‘इम्युनिटी’ या शब्दाने आपल्या घराघरांत असं काही ठाण मांडलंय की ती कमी करायची म्हणजे आत्महत्याच वाटते. आमचे एक काका रोज सकाळी थर्मासमध्ये गुळवेलीचा काढा घेऊन आयसीयूच्या दाराशी उभे राहायचे. नाकातल्या नळीतून द्या म्हणायचे.

पण या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती भरपूर असते, आणि चुकीच्या घरात शिरलेली असते. काकांना मी एवढंच म्हटलं, ‘पोरं दंगा करताना त्यांना च्यवनप्राश देऊन काय होणार?’ ते चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

गुळवेल, अश्वगंधा, ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्या-पावडरी यातलं काहीही आणलं असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला ऑटोइम्यून धर्तीची इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला. तो वाद तज्ज्ञ मिटवतील. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच चुकीच्या वाटेला लागलीय आणि ज्याच्या यकृतावर दहा औषधांचा भार आहे, त्याच्यावर प्रयोग नको. वरणभात, फळं, दूध, अंडी घ्या. जेवणाने काही बिघडत नाही.

सुरुवातीला काय-काय देतात?

तीन गोष्टी, एकेक किंवा जोडीने. पहिली, मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचं सलाईन, साधारणपणे रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस. दुसरी, आयव्हीआयजी. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मामधून काढलेली चांगली प्रतिपिंडं असतात ती. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे एकूण दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. भाचीचं वजन पन्नास किलो; म्हणजे शंभर ग्रॅम, पाच ग्रॅमच्या वीस बाटल्या. ताईने रिकाम्या बाटल्यांची झाकणं पिशवीत जमवली होती, हिशेब चुकू नये म्हणून. बाटली फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ देतात, मग अगदी हळू सोडतात. डोकं दुखलं, थंडी वाजली तर नर्सला सांगायचं, वेग कमी करतात. आपण सलाईनच्या नळीवरच्या चाकाला हात लावायचा नाही.

तिसरी प्लाझ्मा बदलणं. डायलिसिससारखं यंत्र असतं. रक्त बाहेर काढून त्यातला प्रतिपिंडांचा द्रव वेगळा करतं आणि बदली द्रव घालून पेशी परत देतं. दिवसाआड, पाच ते सात वेळा. एक लक्षात ठेवा : आयव्हीआयजी चढवून लगेच प्लाझ्मा बदलला तर महागाची बाटली यंत्राच्या पिशवीत जाते. दोन्ही ठरलं असेल तर आधी काय, हे मोकळेपणाने विचारा.

दोन आठवडे झाले, काहीच फरक नाही. औषध लागू पडलं नाही का?

मीही विचारला होता हा, रोज, राउंडच्या वेळी. २०१३ मध्ये दाल्माऊंच्याच गटाने ५७७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ज्या ५०१ जणांची पुढची माहिती मिळाली त्यांचे आकडे बघा. पहिल्या टप्प्याच्या उपचारांनी चार आठवड्यांत निम्म्यांहून थोड्या जास्त रुग्णांना, ५३ टक्क्यांना, फरक पडला. म्हणजे जवळपास निम्म्यांना पडला नाही. त्यांच्यातल्या ज्यांना दुसऱ्या टप्प्याची औषधं (रिटक्सिमॅब, सायक्लोफॉस्फमाइड) मिळाली ते, न मिळालेल्यांपेक्षा चांगले सुधारले. दोन वर्षांअखेर ८१ टक्के रुग्ण आपापली कामं स्वतः करण्याइतके बरे झाले होते. त्या ५०१ जणांतले ३० दगावले, तेही सांगायला हवं. आजार साधा नाही.

डॉक्टर दहा-पंधरा दिवसांनी ‘पुढचं औषध सुरू करू’ म्हणाले तर ती हार समजू नका. मला तर उलट वाटतं : महिना झाला, सुधारणा नाही आणि पुढच्या औषधाचा विषयच निघत नाही, तेव्हा आपण विचारावं. दुसरं मत घ्यायचं तर मोठ्या सरकारी संस्थांत किंवा बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेत असे रुग्ण नेहमी पाहिलेले डॉक्टर भेटतात.

रिटक्सिमॅब हे कॅन्सरचं औषध आहे असं गुगलवर दिसलं. आमच्यापासून लपवतायत का?

लपवत नाहीत. हे औषध आधी लिम्फोमा या कॅन्सरसाठी आलं, कारण ते बी-पेशी या पांढऱ्या पेशींना मारतं. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी याच बी-पेशींपासून तयार होतात, म्हणून इथे ते वापरतात. आठवड्याला एक असे चार डोस, किंवा पंधरा दिवसांच्या अंतराने दोन. पहिल्या डोसला अंगावर पुरळ, थंडी, रक्तदाब उतरणं होऊ शकतं, म्हणून आधी पॅरासिटामॉल आणि अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन देऊन तासन्‌तास हळूहळू सोडतात. डबा घेऊन जा, दिवस जातो. परिणाम दिसायला आठवडे लागतात. आधीच तयार झालेल्या प्लाझ्मा पेशींना, म्हणजे प्रत्यक्ष प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना, हे औषध मारत नाही, त्या आपल्या गतीने संपतात. बी-पेशी सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ कमी राहतात, ते रक्तात मोजता येतं.

सायक्लोफॉस्फमाइड हे जुनं, स्वस्त आणि जोरदार औषध. सलाईनमधून, साधारण महिन्यातून एकदा. त्याने मूत्राशयातून रक्त जाऊ शकतं म्हणून त्या दिवशी भरपूर पाणी. मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून तरुण मुला-मुलींमध्ये डॉक्टर आधी रिटक्सिमॅबकडे वळतात. या दोन्हींनीही भागलं नाही तर टोसिलिझुमॅब, बोर्टेझोमिब अशी औषधं काही केंद्रांत वापरतात.

औषधाआधी क्षयाची, काविळीची तपासणी? तिला तसलं काहीच नाही.

नसेलच कदाचित. पण आपल्याकडे कित्येकांच्या शरीरात क्षयाचे जंतू झोपलेले असतात, आणि पहारेकरी काढून घेतला की ते उठतात. हिपॅटायटिस बी तर रिटक्सिमॅबनंतर उसळून यकृत निकामी करू शकतो. दोन्हींवर आधीच औषध सुरू करता येतं, म्हणून तपासणी टाळू नका. काहींना फुप्फुसाच्या एका बुरशीपासून बचावासाठी को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या देतात. त्यात सल्फा असतं, त्याची अ‍ॅलर्जी असेल तर तेव्हाच सांगा.

स्टिरॉइडने चेहरा गोल झालाय, भूक आवरत नाही, चिडचिड करते. बंद करू का?

एकदम अजिबात नाही. बाहेरून स्टिरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. गोळी अचानक थांबली तर रक्तदाब कोसळू शकतो, उलट्या, ग्लानी येऊ शकते. मात्रा आठवड्या-आठवड्याने उतरवतात. आम्ही कॅलेंडरवर लाल पेनने लिहून फ्रिजवर लावलं होतं. चेहरा महिन्यांत पूर्ववत होतो. गोळी सकाळी, जेवणानंतर. साखर अधूनमधून तपासा, हाडांसाठी कॅल्शियम-ड विचारा. झोप उडाली किंवा चिडचिड वाढली तर ती औषधाची की आजाराची, हे घरी ठरवू नका, फोन करा.

स्टिरॉइडऐवजी पुढे कुठल्या गोळ्या देतात?

काहींना अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट. अझाथायोप्रिनने काही भारतीय रुग्णांच्या पांढऱ्या पेशी जनुकीय कारणाने झपाट्याने घसरतात, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत रक्ततपासणी चुकवायची नाही. केस भसाभसा गळू लागले तर लगेच कळवायचं, ती धोक्याची खूण असू शकते.

घरी आल्यावर काय सांभाळायचं?

ताप. बाकी सगळं त्यानंतर. १०० च्या वर गेला तर क्रोसिन देऊन ‘उद्या बघू’ करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. खोकला लांबला, लघवीला जळजळ, नागीण उठली, तरीही तेच. बाहेरची पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं, कच्चं दूध नको. भेटायला येणाऱ्यांना सर्दी असेल तर फोनवरच भेटू म्हणा. लोकांना राग येतो, येऊ दे.

लसींमध्ये जिवंत लसी नकोत : गोवर-गालगुंड-रुबेला, कांजण्या, तोंडाने घ्यायची पोलिओ. घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या पोलिओच्या थेंबांबद्दलही विचारा, कारण त्या लशीतले विषाणू बाळाच्या शीतून घरात फिरू शकतात; बाळाला इंजेक्शनवाली पोलिओ लस हा मार्ग असतो. फ्लू आणि न्यूमोनियाच्या निर्जीव लसी चालतात, कधी घ्यायच्या ते डॉक्टर सांगतील.

पुढे लग्न, मूल?

आजारामुळे अडत नाही. औषधांचं वेळापत्रक सांभाळावं लागतं : मायकोफेनोलेट आणि सायक्लोफॉस्फमाइड चालू असताना गर्भ राहू द्यायचा नाही, त्यातून बाळात व्यंग येऊ शकतं. अझाथायोप्रिन गरोदरपणात चालू ठेवता येतं. नवीन लग्न झालेली मुलगी असेल तर डॉक्टरांना हे सासूसमोर नको, तिच्याशी एकटीशी बोलू द्या.

खर्च कसा भागवायचा?

आयव्हीआयजीचा खर्च लाखांत जातो, आयसीयू वेगळं. प्लाझ्मा बदलणं त्या मानाने स्वस्त पडतं. रिटक्सिमॅबची भारतीय आवृत्ती हैदराबादच्या कंपनीने २००७ मध्येच आणली, त्यानंतर इतरांनीही, त्यामुळे ते मूळ कंपनीच्या औषधापेक्षा बरंच कमी दरात मिळतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती होतानाच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही चालू उपचारांतच करायचा. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बोर्ड कोपऱ्यात असतो, समाजसेवा विभागात जाऊन मागावं लागतं. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला गावाहून आधीच मागवून घ्या. आमचा दाखला आला तोवर सोळा बाटल्या झाल्या होत्या.

आजार उलटतो का?

त्याच अभ्यासात दोन वर्षांत १२ टक्के रुग्णांचा उलटला, बहुतेकदा पहिल्यापेक्षा सौम्य. खूण सहसा तीच असते जी पहिल्यांदा होती. आमच्याकडे झोप. भाची सलग दोन रात्री जागी राहिली की आजही घरातल्या सगळ्यांचे फोन चार्ज करून ठेवलेले असतात. रक्तातली प्रतिपिंडं मात्र बरं झाल्यावरही महिनोन्‌महिने दिसू शकतात; त्या आकड्यावर औषध वाढवत नाहीत, माणसाकडे बघून ठरवतात.

बरी झालीय म्हणतात, पण पूर्वीसारखी वाटत नाही.

सुधारणा उलट्या क्रमाने येते. श्वास, नाडी आधी, मग हालचाली थांबतात, मग बोलणं, आणि वागणं, लक्ष लागणं, नियोजन करणं सगळ्यात शेवटी. त्याला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. मध्येच हट्टी, पोरकट, भूक न आवरणारी अशी अवस्था येते, घर थकून जातं. फिटच्या गोळ्या बहुतेकांना आयुष्यभर लागत नाहीत, पण त्या बंद करण्याची घाई नको. कॉलेजचं एक वर्ष सरळ सोडून द्या. आम्ही सहा महिन्यांत परीक्षेला बसवली आणि पस्तावलो. पेपर समोर ठेवून तिने तीन तास फक्त मार्जिन आखली.

आजारातले दिवस तिला आठवत नाहीत. हे बहुतेकांचं होतं, तिला आठवून द्यायचा प्रयत्न करू नका. मागच्या दिवाळीत कुणीतरी सांगितलेलं ऐकून तिने ताईला विचारलं, ‘मी खरंच भाकऱ्या थापत होते का गं?’ ताई म्हणाली, ‘हो, आणि एकही जमली नाही.’ दोघी हसल्या. तो चाळीस सेकंदांचा व्हिडिओ ताईच्या जुन्या मोबाइलमध्ये आहे. तिने अजून मागितलेला नाही.